पट्टीवरची रेघ आणि बोंडातली अळी

बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात ‘महिको’ सुरू केली आणि हे गाव बियाण्याचं गाव झालं. देशातल्या पहिल्या बीटी कापसाचं मूळही इथेच सापडतं. १९९५ मध्ये केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने महिकोला अमेरिकेतून ‘कोकर-३१२’ या बीटी वाणाचं अवघं १०० ग्रॅम बियाणं आणायची परवानगी दिली. त्याचा देशी पैदास-ओळींशी संकर झाला आणि २६ मार्च २००२ रोजी मेक-१२, मेक-१६२ व मेक-१८४ या तीन वाणांना मंजुरी मिळाली.

पण त्याआधीच, २००१ मध्ये, गुजरातच्या शेतांत ‘नवभारत-१५१’ हा विनापरवाना बीटी कापूस सापडला होता. खरं बियाणं ओळखायचं कसं, हा प्रश्न तेव्हापासूनचा. बीटी आणि बिगरबीटी सरकी दिसायला सारखीच. फरक असतो तो पेशीतल्या ‘क्राय-१-एसी’ या अळीला विषारी असलेल्या प्रथिनाचा, आणि तेही ग्रॅमभर पानात काही मायक्रोग्रॅमच.

इतकं थोडं प्रथिन हुडकायला प्रतिपिंड लागतं. शुद्ध प्रथिन सशाला टोचलं की त्याच्या रक्तात नेमकं तेच प्रथिन धरणारी प्रतिपिंडं तयार होतात. ती सोन्याच्या सूक्ष्म कणांना जोडून चाचणीच्या पट्टीवर बसवतात. पान द्रावणात चुरडायचं, पट्टी बुडवायची आणि काही मिनिटं थांबायचं. एक रेघ उमटली तर पट्टी ठीक आहे; दुसरीही उमटली तर प्रथिन आहे. कोविडच्या घरगुती चाचणीत हेच तंत्र होतं. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत डॉ. केशव क्रांती यांच्या गटाने क्राय-१-एसीसाठी असे देशी संच तयार केले.

मेंदूच्या प्रयोगशाळेतही काम याच रीतीने चालतं. दोन चेतापेशींच्या जोडावरचं सिनॅप्टोफायसिन हे प्रथिन शोधायला प्रतिपिंडच वापरतात. मात्र ज्या उंदरात ते प्रथिन मुळातच नाही, त्याच्या मेंदूच्या नमुन्यावरही खूण उमटली, तर त्या प्रतिपिंडावर विश्वास ठेवत नाहीत. कापसातही पट्टी आधी खात्रीच्या बिगरबीटी पानावर लावून पाहायला हवी. आजच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटात ५ ते १० टक्के बिगरबीटी सरकी आश्रयासाठी (अळीत प्रतिकार वाढू नये म्हणून) मुद्दाम मिसळलेली असते. त्यामुळे एखाद्या झाडाची पट्टी कोरी निघाली म्हणून बियाणं बोगस ठरत नाही. अनेक झाडं तपासावी लागतात.

त्याहून मोठी मर्यादा वेगळी आहे. पट्टी प्रथिन ‘आहे’ एवढंच सांगते. किती आहे, ते सांगत नाही. क्रांती आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एलायझा चाचणीने ते मोजलं. पानात प्रथिन सर्वाधिक, तर बोंडाची साल आणि फुलाचा बीजकोश, म्हणजे अळी जिथे शिरते तिथे, अपुरं. झाडाचं वय वाढेल तसं ते घटतं, आणि पेरणीनंतर ११० दिवसांच्या सुमारास ग्रॅममागे १.९ मायक्रोग्रॅम या आवश्यक पातळीखाली उतरतं. हा अभ्यास हिरव्या बोंडअळीचा होता. मराठवाड्यात जून-जुलैत पेरलेल्या कापसाला ११० दिवस भरतात ते ऑक्टोबरच्या आसपास, झाडावर बोंडं असतानाच.

गुलाबी बोंडअळीने तर पुढची पायरी गाठली. क्राय-१-एसी हे विष तिच्या आतड्यातल्या कॅडहेरिन या प्रथिनाला चिकटतं. भारतातल्या प्रतिकारक अळ्यांत याच प्रथिनाचा साचा बदललेला आढळला. म्हणजे कापसात विष पुरेसं असलं तरी ते चिकटायची जागाच बिघडलेली. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्राने अशा प्रतिकारक अळीचा फटका सोसला. तेव्हा कितीतरी शेतांत पानाच्या चाचणीत रेघ ठळक आली असती आणि बोंडात अळीही निघाली असती.

म्हणून जालना, बदनापूर, अंबड, भोकरदनच्या कापूस उत्पादकांनी पट्टी बियाण्याची ओळख पटवण्यापुरतीच वापरावी. पिकाचं संरक्षण ठरवायला कामगंध सापळे लावावेत आणि एकरी २० हिरवी बोंडं फोडून पाहावीत. दोनमध्ये अळी दिसली तर फवारणीचा निर्णय घ्यावा. डोमकळ्या दिसताच तोडून नष्ट कराव्यात, आणि फरदडीचा मोह टाळून डिसेंबरअखेर पऱ्हाटी शेताबाहेर काढावी.