पोपटाची कवटी : रचना आणि मोजमाप

पोपट हा आपणा सर्वांच्या परिचयाचा पक्षी आहे. पांढुर्णा व सौंसर परिसरात मक्याच्या शेतात, पेरूच्या झाडांवर त्याचे थवे उतरतात. उर्दूत बेमुरव्वत माणसाला 'तोताचश्म' म्हणतात, तर मराठीत अर्थ न कळता केलेल्या पाठांतराला 'पोपटपंची'. दोन्ही भाषांनी या पक्ष्याच्या डोक्यावर एकेक आरोप ठेवला आहे. प्रत्यक्षात ते डोके आतून कसे असते, हे मात्र आपल्या वर्गात क्वचितच सांगितले जाते.

आपल्याकडे सर्वत्र दिसतो तो नराच्या गळ्याभोवती गुलाबी कडे असलेला पोपट. त्याची लांबी सुमारे 40 सेंटिमीटर असली तरी त्यातील निम्म्याहून अधिक शेपटीच असते. माणसाचा वरचा जबडा कवटीला पक्का जोडलेला असतो; हलतो तो फक्त खालचा. पक्ष्यांत वरची चोचही थोडीफार हलते. बहुतेक पक्ष्यांत कपाळाजवळचे पातळ हाड त्यासाठी वाकते. पोपटात तेथे चक्क सांधाच असतो. जबड्याच्या मुळाशी 'क्वाड्रेट' नावाचे छोटे हाड असते. ते पुढे कलले की गालाची बारीक दांडी व टाळूची हाडे पुढे सरकतात आणि वरची चोच उचलली जाते. टाळूची हाडे उभ्या फळीसारखी रुंद असून त्यांना दणकट स्नायू चिकटतात. शिवाय दोन डोळ्यांमधील पडद्यापासून खालच्या जबड्यापर्यंत जाणारा एक स्नायू केवळ पोपटवर्गातच आढळतो. कठीण कवचाचे बी फुटते ते या जोरावर.

डार्सी थॉम्प्सन यांनी 1899 मध्ये पोपटांच्या कवट्यांवर निबंध लिहिला. डोळ्याभोवतीचे हाडाचे कडे काही पोपटांत पूर्ण तर काहींत अपूर्ण असते, अशा खुणांचा त्यांनी विचार केला होता. (अ‍ॅरिस्टॉटलच्या प्राणिविषयक ग्रंथाचे भाषांतरही याच गृहस्थांनी केले. भाषेच्या अध्यापकास तेवढाच दिलासा!)

आता मोजमापाकडे वळू. चोचीच्या टोकापासून कवटीच्या मागच्या कडेपर्यंतची लांबी व्हर्निअर कॅलिपरने मोजली की काम झाले, असे वाटते. येथेच फसगत होते. चोचीच्या हाडावर आपल्या नखांसारख्याच केराटिन द्रव्याचे आवरण असते. ते जन्मभर वाढते आणि झिजते. कवटी साफ करताना ते निघूनही येते. एकाने आवरणासह व दुसऱ्याने आवरणाविना मोजले, तर एकाच पक्ष्याचे दोन आकडे मिळतात. त्यात वरची चोच सांध्यावर हलणारी; ती किंचित वर राहिली तरी लांबी बदलते. म्हणून कपाळाच्या सांध्यापासून मागच्या कडेपर्यंतची लांबी, कवटीची सर्वाधिक रुंदी, दोन डोळ्यांमधील सर्वात अरुंद भाग व खालच्या जबड्याची लांबी ही मापे स्वतंत्र नोंदवावीत. आवरण होते की नव्हते, हेही लिहावे. जिवंत पोपटाची चोच तिच्या मुळाशी असलेल्या मऊ त्वचेपासून मोजण्याची पद्धत आहे. ते माप कवटीच्या मापाशी ताडून पाहू नये.

आपल्या परिसरात या काटेकोरपणाला विशेष कारण आहे. या पोपटाच्या दक्षिणेकडील उपजातीची खालची चोच काळी, तर उत्तरेकडील उपजातीची लाल असते व चोचही मोठी असते. दोहोंची सीमा साधारण 20 अंश अक्षांशाच्या आसपास मानतात आणि पांढुर्णा तिच्या थोडे उत्तरेस आहे. आपली बोली जशी दोन प्रांतांच्या मध्ये, तसेच हे. आवरण गेले की रंग जातो. मग उरतात केवळ मापे, आणि तीच चुकीची असतील तर सीमेवरचा पक्षी कोणत्या बाजूचा, हे सांगता येणार नाही.

एक व्यावहारिक सूचना. पोपट हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित असून मृत सापडलेला पक्षीही शासनाची मालमत्ता ठरतो. तेव्हा त्याची कवटी वनविभागाच्या परवानगीशिवाय महाविद्यालयात ठेवू नये. विद्यार्थ्यांच्या घरी पिंजऱ्यात असलेल्या मिठ्ठूंचाही प्रश्न याच कायद्याखाली येतो, हे त्यांना वेळीच सांगावे. प्रात्यक्षिकासाठी, आपल्याकडे 'लव्हबर्ड' या नावाने विकल्या जाणाऱ्या ऑस्ट्रेलियन बजरीगारची आपोआप मेलेल्या पक्ष्याची कवटी चालेल. तोही पोपटवर्गातलाच आहे. शेजारी कोंबडीची कवटी ठेवली की कपाळावरील सांधा विद्यार्थ्यांना बोट न दाखवताही दिसतो.