विजेच्या तारांची जोडी फोडू नये

रामाकोना, सौंसर, पांढुर्णा या आपल्या भागात आज घरोघरी वीज आहे, संत्र्यांच्या बागांत विहिरींवर मोटारी आहेत, आणि लग्नकार्य किंवा समाजाचा मेळावा असला की मंडपाशेजारी जनित्रही उभे राहते. विजेचा धक्का बसतो हे लहान मूलही जाणते. परंतु तार कोठे तुटलेली नाही, जोड सैल नाही, फ्यूज शाबूत आहे, आणि तरीही तारेभोवतीची लोखंडी नळी तापते, असाही एक प्रकार असतो. त्याची माहिती फारच थोड्यांस असते. म्हणून हा लेखनप्रपंच.

तारेतून प्रवाह वाहू लागला की तिच्याजवळची चुंबकसूची हलते, हे डेन्मार्कचे शास्त्रज्ञ अर्स्टेड यांनी १८२० साली दाखविले. म्हणजे वाहत्या तारेभोवती चुंबकत्व निर्माण होते. पुढे १८३१ साली इंग्लंडमध्ये फॅरेडे यांनी सिद्ध केले की, बदलते चुंबकत्व जवळच्या धातूत वीज उत्पन्न करते. आपल्याकडील वीज सेकंदास ५० आवर्तनांची, म्हणजे सेकंदातून १०० वेळा दिशा पालटणारी आहे. अशी एकटी तार लोखंडी नळीतून नेली तर नळीच्या अंगात भोवऱ्यासारखे प्रवाह फिरू लागतात, आणि लोखंडाचे चुंबकत्वही सेकंदाला शंभरदा उलटेसुलटे होते. या दोन्हींमुळे नळी तापते. इंडक्शन शेगडीवर लोखंडी तवा तापतो तो याच तत्त्वाने. मात्र तेथे आवर्तने सेकंदास वीस हजारांहून अधिक असतात.

मग लोखंडी नळ्या सर्वत्र का तापत नाहीत? कारण सोपे आहे. फेजच्या तारेने जेवढा प्रवाह जातो तेवढाच न्यूट्रलच्या तारेने उलट दिशेने परत येतो. दोन्ही तारा एकाच नळीत असल्या की एकीचे चुंबकत्व दुसरी खोडून काढते. दारास आतून व बाहेरून सारख्याच जोराने रेटले तर दार जागचे हलत नाही, तसेच हे. जोडी फोडून फेज एका नळीतून व न्यूट्रल दुसऱ्या नळीतून नेली की हा तोल जातो. तीन फेजच्या तारांचेही तसेच आहे. तिन्ही, आणि न्यूट्रल असल्यास तीही, एकत्रच पाहिजे.

येथे भय वाढविण्याचा हेतू नाही. एका दिव्याच्या अर्ध्या अँपिअरने नळीला काही होत नाही. पण प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता दुपटीहून अधिक वाढते. ६२.५ केव्हीएचे जनित्र पूर्ण भारावर प्रत्येक फेजमधून सुमारे ८७ अँपिअर देते. त्याच्या एकेरी केबली लोखंडी पत्र्याच्या निरनिराळ्या छिद्रांतून नेल्या, तर छिद्रांमधला पत्रा चांगलाच तापतो. साध्या पीव्हीसी आवरणाच्या तारेची मर्यादा ७० अंश सेल्सिअस आहे. त्यापलीकडे आवरण मऊ पडते, पुढे कडक होऊन तडकते, आणि मग आगीस वाट मिळते. जुन्या सभागृहात पूर्वी चार दिवे व दोन पंखे होते तोवर दोष लपून राहतो. वातानुकूलन यंत्रे बसविली की तो उघडा पडतो.

फ्यूज यातून वाचवील, हा भ्रम आहे. फ्यूज वितळतो तो प्रवाह जास्त झाला म्हणजे. येथे प्रवाह मर्यादेतच असतो. अर्थिंगनेही हे तापणे थांबत नाही. अर्थिंग धक्क्यापासून रक्षण करते, म्हणून ते हवेच. पण या रोगाचे औषध ते नव्हे.

उपाय स्वस्त आहेत. जाणारी व येणारी तार एकाच नळीतून न्यावी. भारतीय मानक ७३२ मध्येही हाच दंडक आहे. जिन्याच्या दिव्यास एका सर्किटची फेज व दुसऱ्याची न्यूट्रल जोडू नये. जाड केबली पत्र्यातून न्यावयाच्या तर सर्वांसाठी एकच मोठे छिद्र ठेवावे. छिद्रे वेगळीच असतील तर त्यांना जोडणारी चीर पाडावी, अथवा तेथे पितळेची किंवा अ‍ॅल्युमिनियमची पट्टी बसवावी. पीव्हीसीची नळी अशी तापत नाही, तरी तिच्यातही जोडी एकत्रच असावी, कारण दूर ठेवलेल्या तारा शेजारच्या लोखंडास त्रास देतात.

परीक्षाही सोपी आहे. नळीतील तारांचा सर्व जुडगा टाँग टेस्टरच्या जबड्यात एकत्र धरावा. तोल बरोबर असेल तर आकडा शून्याजवळ येईल. मोठा आकडा आला तर जोडी कोठे तरी फुटली आहे असे समजावे. नळीवरील रंग काळवंडला, घूं घूं असा आवाज येऊ लागला, तर मेन स्विच बंद करून परवानाधारक वायरमनला बोलवावे. स्वतः उघडून पाहू नये.

समाजाच्या इमारती वर्गणीच्या पैशांतून उभ्या राहतात आणि त्यांत आपलीच मुले वावरतात. तारा एकदा भिंतीत बुजल्या की चूक शोधणे कठीण जाते. म्हणून गिलावा होण्यापूर्वीच एका जाणत्या सभासदाने वायरमनला विचारावे, “भाऊ, या नळीतून गेलेली वीज परत कोठून येते?” “याच नळीतून,” असे उत्तर मिळाले, आणि ते डोळ्यांनी पाहिले, म्हणजे निश्चिंत असावे.