चहा कशावर करणार?

काकांचा पहिला प्रश्न हा होता. माझा धाकटा भाऊ मोबाइलवर निरनिराळ्या पॉवर स्टेशनचे फोटो काढून त्यांच्यापुढे धरत होता आणि काका त्याकडे ढुंकूनही बघत नव्हते. भोसरीच्या एमआयडीसीतली पत्र्याची शेड, एप्रिलची दुपार, मधोमध सीटा काढलेली जुनी टेम्पो ट्रॅव्हलर. प्लायचे बेड बसले होते, सिंकचे भोक पाडून झाले होते, वायरिंग बाकी होते. काकांचे आयुष्य मंडपाच्या लायटिंगमध्ये आणि रुग्णवाहिकांच्या वायरिंगमध्ये गेलेले. आता अधूनमधून अशा कॅरव्हानही त्यांच्याकडे येतात.

"गॅसवर," मी म्हटले.

"आणि किटली? इलेक्ट्रिकची?"

"तीही आहे."

"ती घरी ठेवा ताई. नाहीतर सगळी वायर बदलावी लागेल."

किटलीवर एवढा राग का, हे कळायला थोडे गणित करावे लागले. लिटरभर पाणी उकळायला साधारण ०.१ युनिट वीज लागते. युनिट म्हणजे महावितरणच्या बिलात असते तेच, एक हजार वॅट-तास. एक छोटा पंखा रात्रभर फिरला तर याच्या दुप्पट खातो. म्हणजे किटली खादाड नव्हे, उतावळी आहे. तिला हवे ते चार-पाच मिनिटांतच हवे असते, आणि त्यासाठी ती १५०० वॅट मागते. १२ व्होल्टच्या बॅटरीतून १५०० वॅट काढायचे म्हणजे सव्वाशे अँपिअर. इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारी वीज धरली तर १४०. घरातल्या १५ अँपिअरच्या प्लगवर ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना हा आकडा समजायला वेळ लागतो. एवढ्यासाठी वायर करंगळीएवढी जाड लागते, फ्यूज तसा लागतो, इन्व्हर्टर दोन हजार वॅटचा लागतो. आणि तो मोठा इन्व्हर्टर, त्याला काही जोडलेले नसले तरी, नुसता चालू राहून दिवसभर वीज पीत बसतो.

बॅटरी विकत घेणाऱ्या बहुतेकांचा घोळ इथेच होतो. 'हजाराची आहे' असे दुकानदार सांगतो. हजार काय? एका वेळी हजार वॅट देते, की एकूण हजार वॅट-तास साठवते? दोन्ही आकडे खोक्यावर असतात आणि मोठा असेल तो ठळक छापलेला असतो.

काकांनी आम्हाला लोड काढून आणायला सांगितले. भावाने प्लगमध्ये लावायचे छोटे मीटर आणले आणि घरातली एकेक वस्तू त्यावर चालवून पाहिली. वहीत उतरलेले आकडे असे: १२ व्होल्टचे दोन पंखे रात्रभर, ४५० वॅट-तास. लॅपटॉप तीनेक तास, १८०. चार जणांचे मोबाइल मिळून साठ-सत्तर. एलईडी दिवे ऐंशी. पाण्याचा पंप अगदीच किरकोळ, कारण तो दिवसातून काही मिनिटेच चालतो. आणि चाळीस लिटरचा कॉम्प्रेसरवाला फ्रिज, चोवीस तासांचे ५००. कोकणातल्या उकाड्यात मासे टिकवायचे तर त्याहून थोडे जास्तच. एकूण सव्वा युनिट, फार तर १.३. इंडक्शनवर आमचा एका वेळचा पूर्ण स्वयंपाक पाऊण ते एक युनिट खात होता. एक टनाचा एसी रात्रीतून चार-पाच युनिट घेतो. भावाच्या मनात एसी होता. वही पाहिल्यावर त्याने तो विषय काढला नाही, पण मनातून गेला होता असेही नाही.

माझे मत त्या वहीनेच ठरले. जे तापवते ते गॅसवर. जे फिरते, उजळते किंवा बोलते ते बॅटरीवर. त्यात फ्रिज हा एकच अपवाद, आणि त्याचा मान राखूनच बाकीचे ठरवायचे. बॅटरी कोणती, हा प्रश्न त्यानंतरचा.

दोन रात्री कुठेही प्लग न लावता राहायचे तर अडीच युनिटांचा साठा हवा. आपल्याकडे पहिला विचार घरातल्या इन्व्हर्टरच्या ट्यूब्युलर बॅटरीचा येतो. ती कुठेही मिळते, कुणालाही कळते, आणि पहिल्या दिवसाच्या खर्चात तिला तोड नाही. पण १५० अँपिअर-तासांची म्हणून जी विकतात ती वीस तासांत हळूहळू रिकामी केली तर तेवढी. दरवेळी अर्ध्याखाली उतरवली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणजे कागदावरचे १८०० वॅट-तास व्यवहारात ९००. अडीच युनिटांसाठी अशा तीन बॅटऱ्या, प्रत्येकी पन्नास-साठ किलोंच्या. शिवाय चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो आणि आत सल्फ्युरिक आम्ल हिंदकळत असते. घराच्या गॅलरीत ते चालते. डोक्याखाली दोन फुटांवर, बंद गाडीत, कशेडीच्या वळणांवर नाही.

काकांनी एक नवी बॅटरी एका हाताने उचलून बाकावर ठेवली. लिथियम आयर्न फॉस्फेट, २०० अँपिअर-तास, वीस-बावीस किलो. "हिचं लेबल वाचा," म्हणाले. १२.८ व्होल्ट. या जातीच्या एका सेलचा व्होल्टेज ३.२ असतो, चार सेल मिळून १२.८. लेबलवर १२.८, २५.६ किंवा ५१.२ असेल तर आत फॉस्फेट आहे, ११.१ किंवा १४.८ असेल तर आत मोबाइल-लॅपटॉपच्या घराण्यातले सेल आहेत. विक्रेता दोघांनाही 'लिथियम'च म्हणतो. मे महिन्यात उन्हात बंद करून ठेवलेल्या गाडीत हा फरक महत्त्वाचा ठरतो, कारण फॉस्फेट जास्त उष्णता सोसते आणि बिघडलीच तरी तिचा भडका त्या मानाने सौम्य असतो. वजन थोडे जास्त पडते, एवढाच तिचा उणेपणा.

एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते. हा पदार्थ बॅटरीत चालतो हे १९९७ मध्ये ज्या शोधनिबंधाने जगापुढे आणले, त्याचे पहिले लेखक अक्षय पाढी आणि दुसरे नंजुंडस्वामी. दोघेही भारतीय वंशाचे, टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्याकडे काम करणारे. गुडइनफना २०१९ मध्ये नोबेल मिळाले तेव्हा ही नावे आपल्याकडे फारशी कुणी घेतली नाहीत.

या बॅटरीतला ऐंशी-नव्वद टक्के साठा बिनधास्त वापरता येतो आणि हजारो वेळा भरता येतो. पण तिच्या दोन सवयी माहीत हव्यात. एक, शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नसते, आत धातूचा थर साचून ती कायमची खराब होते. सह्याद्रीत याची फिकीर नाही. लडाखला जाणाऱ्यांना मात्र आहे. दुसरी, भरलेली असो की पाव उरलेली, व्होल्टेज जवळपास तेवढाच, १३ च्या आसपास. त्यामुळे नुसता व्होल्टमीटर काहीच सांगत नाही. आत गेलेले आणि बाहेर आलेले अँपिअर मोजत राहणारा शंट लावावा लागतो.

मग तयार पॉवर स्टेशन का नको? बॅटरी, इन्व्हर्टर, चार्जर, सोलरचा कंट्रोलर सगळे एका खोक्यात, वर कडी. एका युनिटचे खोके दहा-चौदा किलोंचे. काका अशा खोक्यांना नावे ठेवतात, कारण आतला एक भाग बिघडला की सगळेच बंद आणि दुरुस्तीला ते पार्सल करून पाठवायचे. मी त्यांच्याशी पूर्ण सहमत नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याच्या पार्किंगमध्ये प्लग पॉइंट नसतो. खोके लिफ्टने वर नेऊन रात्रभर चार्ज करता येते, घरची वीज गेली तर राउटर आणि पंखा त्यावर चालतो. वर्षातून चार शनिवार-रविवार बाहेर पडणाऱ्याने गाडीला ड्रिल लावूच नये, खोके घ्यावे. फक्त सोलरच्या सॉकेटवर किती व्होल्टची मर्यादा लिहिली आहे ते बघावे. घराच्या गच्चीवरचे मोठे पॅनेल मोकळे असताना पन्नासच्या घरात व्होल्टेज देते. मर्यादा त्याहून कमी असेल तर खोके पहिल्याच दिवशी संपते. विमानाने जाऊन पुढे भाड्याची कॅरव्हान घ्यायचा बेत असेल तर खोके घरीच राहणार, कारण विमानात १६० वॅट-तासांच्या वरची बॅटरी प्रवाशाला नेता येत नाही.

आमच्या गाडीला जागा होती, भावाला हौस होती. म्हणून सुटे भाग.

जनरेटरचा विचार आम्ही फार केला नाही. लिटरभर पेट्रोलमधून छोटा जनरेटर जेमतेम दीड युनिट काढतो. पेट्रोल शंभरीपार असताना हे युनिट साठ-सत्तर रुपयांना पडते. उंचीवर हवा विरळ झाली की त्याची ताकदही उतरते. खिडकीजवळ लावला तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो, ज्याला वासही नसतो. आणि आवाज! मेअखेरीस भंडारदऱ्याला, पुरुषवाडीला लोक काजवे बघायला जातात. नर काजवा लुकलुकून मादीला हाक घालतो, दिव्यांच्या उजेडात ती हाक हरवते. तिथे जनरेटर लावून हॅलोजन पेटवणाऱ्याला गावकऱ्यांनी हाकलले तर मी गावकऱ्यांच्या बाजूने.

सोलरबद्दल लोक जेवढे बोलतात तेवढे ते सोपे नाही. छतावर दोनशे वॅटची दोन पॅनेल बसली, सपाट. मेच्या मध्यावर पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य थेट डोक्यावर. सपाट पॅनेलला याहून चांगला कोन नाही. पण त्याच दुपारी पॅनेलची काच पासष्ट अंशांपर्यंत तापते आणि पंधरा टक्क्यांच्या आसपास वीज त्या तापण्यातच जाते. डिसेंबरात पॅनेल गार असते तर सूर्य कलतो. एकंदर स्वच्छ दिवशी १.२ ते १.४ युनिट मिळतात, म्हणजे आमच्या वहीतल्या आकड्याएवढे. जुलैत घाटमाथ्यावर यातले काहीही धरू नये.

खरी अडचण सावलीची. गाडी आंब्याखाली लावावी तर पॅनेल सावलीत, उन्हात लावावी तर आत बसवत नाही. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर फांदीची सावली पडली की फक्त तेवढ्या कोपऱ्याची वीज जात नाही, सेल साखळीने जोडलेले असल्यामुळे बरेच जास्त नुकसान होते. यावर तोडगा म्हणून घडीचे एक पॅनेल लांब वायरीने उन्हात टाकतात. त्यावर माणूस नजर ठेवून बसतो, हा त्याचा आणखी एक खर्च.

ज्याच्याविषयी कुणी बोलत नाही तो स्रोत म्हणजे गाडीचा स्वतःचा अल्टरनेटर. आपण काही आठवडाभर एका जागी राहत नाही. सकाळी निघतो, तीन तास गाडी हाकतो, दुसऱ्या गावी थांबतो. तीस अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर ताशी ०.४ युनिट भरतो. पुणे ते महाबळेश्वर एवढ्या प्रवासात जवळपास एका दिवसाची वीज, पाऊस असो की ढग. मात्र बॅटरी थेट अल्टरनेटरला जोडायची नाही. लिथियम बॅटरी मिळेल तेवढा करंट ओढते आणि अल्टरनेटर जळतो. मधला चार्जर तिला आवर घालतो. माझ्या मते आपल्याकडच्या प्रवासाला पहिले पैसे या चार्जरवर घालावेत, पॅनेलवर नंतर.

वायरिंगच्या दिवशी मी शेडमध्ये बसून होते. काका वायर फुटांनी मोजत नाहीत, हातांनी मोजतात, आणि एक वीत जास्त सोडतात. टोकाचे कव्हर सोलले, तांब्याच्या तारा पिळल्या नाहीत, तशाच सरळ लगमध्ये सारल्या, क्रिम्पिंगचे हत्यार दोनदा दाबले. मग लग पक्कडमध्ये धरून दुसऱ्या हाताने वायर जीव खाऊन ओढली. सुटली नाही, तेव्हा स्लीव्ह चढवून लायटरने आवळली. मी विचारले, सोल्डर का नाही करत? "घरात करतो. गाडी हादरते ताई. सोल्डर जिथं संपतो तिथं तार मोडते." बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरावर मुख्य फ्यूज. त्याआधी दुसरे काहीही नाही. फ्यूज उपकरणासाठी नसतो, वायरीसाठी असतो, हे त्यांनी भावाकडून दोनदा वदवून घेतले. मग बॅटरीला खाली पट्टी, वर पट्टा. सगळे झाल्यावर पंखे, दिवे, फ्रिज एकदम चालू करून त्यांनी वायरींवरून नुसता तळहात फिरवला, कुठे कोमट लागते का बघायला. क्लॅम्प मीटर खिशात होते, ते नंतर निघाले.

एसीचा विषय शेवटी भावाने काढलाच. काकांनी गाडीच्या बाजूला बाहेरची वीज घ्यायचे सॉकेट बसवले, आत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा ब्रेकर, लावला आणि एक जाड केबल दिली. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हान पर्यटनाचे धोरण आणले, त्यात गाड्यांसाठी पार्कची कल्पना आहे. पण व्यवहारात आपण कुणाच्या तरी वाडीत किंवा फार्महाऊसवर थांबतो, आणि तिथला प्लग कसा असेल याचा भरवसा नसतो. म्हणून काकांनी केबलसोबत एक होल्डरमधला बल्बही दिला, दोन वायरी मोकळ्या. एक फेजला, एक अर्थला. बल्ब पूर्ण पेटला किंवा घरातला ब्रेकर पडला तर अर्थिंग आहे. मिणमिणला किंवा पेटलाच नाही तर गाडी जोडायची नाही, कारण रबरी टायरांवरच्या लोखंडी खोक्यात आपण झोपणार असतो. वायरी मात्र चपला घालून आणि कोरड्या हातांनीच धरायच्या, आणि तेही कामाची सवय असलेल्यानेच.

दिवेआगरजवळ एका वाडीत बल्ब मिणमिणला. "आमचा फ्रिज चालतो की यावर!" वाडीचे मालक म्हणाले. भावाने हसून केबल गुंडाळली, दोन्ही पंखे बॅटरीवर लावले. सकाळी शंटच्या मीटरवर ६३ टक्के होते आणि फ्रिजमधली सुरमई गारठलेली होती.