लग्नाच्या नोंदीत ‘प्रोग्रामर’ चालला नाही!

नकाशाच्या ॲपमधला जवळचा रस्ता शोधणारं गणित ज्यांच्या नावाने ओळखलं जातं, ते एड्सगर डाइक्स्ट्रा मुळात भौतिकशास्त्राचे विद्यार्थी. नेदरलँड्समधल्या लायडनला सैद्धांतिक भौतिकी शिकत असताना १९५१मध्ये ते केंब्रिजला प्रोग्रामिंगचा छोटा कोर्स करून आले आणि १९५२पासून ॲम्स्टरडॅमच्या गणित केंद्रात अर्धवेळ प्रोग्रामर झाले.

पुढची तीन वर्षं कात्रीत गेली. भौतिकीला मान होता, प्रोग्रामिंगला शास्त्र म्हणून कुणी ओळखतही नव्हतं. १९५५मध्ये त्यांनी केंद्रातले वरिष्ठ व्हान वाइनगार्डन यांना हे सांगितलं. उत्तर मिळालं की संगणक आता राहणारच आहेत, मग या कामाला प्रतिष्ठा देणारा माणूस तूच का होऊ नयेस? (असा वरिष्ठ मिळायलाही नशीब लागतं, बरं का.) पठ्ठ्याने पदवी मात्र सोडली नाही, भराभर पूर्ण केली.

१९५७मध्ये लग्नाच्या नोंदीत त्यांनी ‘प्रोग्रामर’ लिहिलं, तर पालिकेने असा व्यवसायच नसतो म्हणून ते नाकारलं. कागदावर ते ‘सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ’च राहिले!

जवळचा रस्ता शोधणारा तो प्रसिद्ध अल्गोरिदम १९५६चा. होणाऱ्या बायकोबरोबर खरेदी करून दमल्यावर कॅफेत कॉफी पिताना, कागद-पेन्सिलीशिवाय, वीसेक मिनिटांत सुचलेला. ‘आरमाक’ संगणकाच्या प्रात्यक्षिकासाठी त्यांनी डच नकाशातली ६४ शहरं घेतली, कारण ६ बिटांत तेवढेच क्रमांक बसतात. मला यातच त्यांची खरी हुशारी दिसते. अल्गोरिदम छापून यायला मात्र १९५९ उजाडलं.