मीटिंग आपल्या भाषेची

१९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरी एक शेअरदलाल व एक शल्यविशारद, दोघेही मद्यासक्त, एकमेकांशी मोकळेपणाने बोलत बसले. त्यातून 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' उभी राहिली. तेथे वर्गणी नाही, पूर्ण नाव विचारीत नाहीत. दारू सोडण्याची इच्छा एवढीच पात्रता. (फार पिणाऱ्याने एकाएकी बंद करण्याआधी डॉक्टरांस दाखवावे, ते काम मीटिंगचे नव्हे.)

आदिलाबादेतील आमचा एक माजी विद्यार्थी हैदराबादेस अशा मीटिंगला गेला नि खिन्न होऊन परतला. सारे तेलुगूत चाललेले. बाजारातली तेलुगू त्याला उत्तम येते. पण आईच्या पाटल्या गहाण टाकल्याची गोष्ट तीत सांगवेना. "सर, मला हे जमायचे नाही," म्हणाला. आम्ही गप्प बसलो, हे आमचे चुकलेच. एक मीटिंग दुसरीसारखी नसते. काही केवळ व्यसनग्रस्तांसाठी, काही इतरांनाही खुल्या. पाच-सहा ठिकाणी बसून पाहावे, असे त्यातली जुनी मंडळी सांगतात.

दोन महिन्यांनी तो पैनगंगा ओलांडून नागपुरास गेला. तेथे मराठी कानी पडली. दोन खेपा नुसता ऐकत राहिला. तिसऱ्या खेपेस पाटल्यांची गोष्ट सांगितली. कोणी रागावले नाही. शेजारच्याने आपण बैलजोडी विकल्याचे सांगितले.

आता दर खेपेचे बसभाडे त्याला जड जाते. परवा विचारीत होता, आदिलाबादेतच चार खुर्च्या मांडल्या तर? रविवारी शाळेची एक खोली रिकामी असते. भाडे मात्र घ्यावे लागेल म्हणाला. आपला खर्च आपणच भागवावा, हा त्यांचा दंडक आहे. परवानगीचा अर्ज आम्ही लिहावयास घेतला आहे.