सही तिची, निर्णयही तिचाच

"नवऱ्याला घेऊन या, त्याची सही लागते." तांबी बसवायला, ऑपरेशनला किंवा गर्भपातासाठी गेलेल्या बाईला हे अजूनही ऐकावं लागतं. भिवंडीत नवरा लूमवर बारा तासांच्या पाळीत असतो. खाडा केला तर मजुरी जाते. बाई तशीच परत येते. आठवडे मात्र थांबत नाहीत. मग कोणीतरी सांगितलेल्या गोळ्या मेडिकलमधून आणल्या जातात आणि अंगावरून जायचं थांबेना म्हणून रात्री रिक्षा शोधावी लागते.

सही कशाला, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं : "तुमच्या भल्यासाठीच. उद्या घरात भांडण झालं तर?" पण बाईचं भलं तिच्या वतीने दुसऱ्याने का ठरवायचं?

आधी कायदा पाहू. गर्भपाताचा कायदा १९७१ चा आहे, २०२१ मध्ये तो सुधारला. वीस आठवड्यांपर्यंत कायद्यात दिलेल्या कारणांसाठी एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. साधन वापरूनही दिवस गेले, हे त्यातलं एक कारण. अठरा वर्षांवरील बाईची स्वतःची संमती पुरेशी असते. मुलगी अठराच्या आतली असेल किंवा बाई मनोरुग्ण असेल, तरच पालकाची लेखी संमती लागते. तिचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. घरच्यांची संमती मागणं ही कायद्याबाहेरची अट आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये सांगितलं. त्याच निकालात अविवाहित बाईलाही समान हक्क मिळाला. कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनलाही, बाईचं असो की पुरुषाचं, शासनाच्या नियमांप्रमाणे जोडीदाराची संमती लागत नाही.

याच्या उलटही घडतं. कळा चालू असताना विचारलं जातं, "तांबी बसवून टाकू ना?" बाई मान हलवते. त्या वेळी ती कशालाही मान हलवेल. त्याला संमती म्हणत नाहीत. तांबीबद्दल सातव्या-आठव्या महिन्यातच नीट समजावून सांगायला हवं. एकीकडे हवं ते साधन नाकारायचं, दुसरीकडे न विचारता माथी मारायचं. दोन्हींच्या मुळाशी एकच समज आहे : गरीब बाईला काय कळतं?

मुंबईच्या विधिमंडळाने या प्रश्नाची दोन टोकं पाहिली आहेत. १० नोव्हेंबर १९३८ रोजी बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. भाषण बाबासाहेबांनी तयार केलेलं होतं. वारंवारच्या बाळंतपणांनी बाईच्या शरीराची होणारी झीज त्यात मांडली होती. मूल नको असेल तर ते टाळण्याची सोय तिच्या हाती असावी, अशी भूमिका होती. ठराव फेटाळला गेला. पुढे १९७६ मध्ये, आणीबाणीत, तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक याच राज्याच्या विधिमंडळाने मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आलं नाही. कुटुंब लहान असावं हा हेतू दोन्हीकडे होता. पण पहिल्यात बाईला साधन मिळणार होतं, दुसऱ्यात तिच्या शरीरावर सरकारचा ताबा येणार होता.

मग टीबीच्या रुग्णाने औषध सोडलं तर तोही फक्त त्याचाच प्रश्न का? नाही. दहा बाय दहाच्या खोलीत त्याचा खोकला लेकरांपर्यंत जातो. स्वातंत्र्याची हद्द तिथे येते. गोवरचंही तसंच. २०२२ मध्ये भिवंडीत साथ आली, तेव्हा त्रास लहान मुलांनी भोगला. मूल स्वतः निर्णय घेऊ शकत नाही. म्हणून नवव्या महिन्यातला आणि सोळा ते चोवीस महिन्यांतला डोस चुकवू नका.

पण इथेही दमदाटी कामाची नाही. टीबीच्या रुग्णाला वस्तीत वाळीत टाकलं तर पुढचा रुग्ण खोकला लपवेल. औषध का सुटलं ते विचारा. उपाशीपोटी मळमळतं का? दवाखान्याची वेळ आणि पाळी जुळत नाही का? नि-क्षय पोषण योजनेचे महिन्याचे एक हजार रुपये खात्यात येतात का? अडचण दूर झाली की बहुतेक माणसं औषध घेतात.

विनयपिटकात भगवान बुद्धांनी आजारी भिक्खूला आनंदाच्या मदतीने स्वतः आंघोळ घातल्याची कथा आहे. तिथेच चांगल्या शुश्रूषा करणाऱ्याचे गुण सांगितले आहेत : हितकारक काय ते ओळखावं, मैत्रीभावाने सेवा करावी, किळस करू नये, धीर द्यावा. रुग्णानेही दुखणं खरं सांगावं, औषध घ्यावं. आजारी माणसावर हुकूम चालवावा, असं त्यात कुठेही नाही.

म्हणून घरात आणि विहारात एवढं करू या :

• सही मागितली तर शांतपणे विचारा, "कोणत्या नियमाने? लेखी द्या." आशाताईला किंवा महिला मंडळातल्या कोणाला सोबत न्या.
• फॉर्म मराठीत वाचून घ्या. कळल्याशिवाय अंगठा नको.
• साधनाचे फायदे, त्रास आणि दुसरे पर्याय विचारा. "विचार करून सांगते" म्हणायचा हक्क आहे.
• नवऱ्यांनो, सोबत जरूर जा. केसपेपर काढा, मूल सांभाळा. पण डॉक्टरने प्रश्न तिला विचारला असेल, तर उत्तर तिलाच देऊ द्या.