मठातलं जेवणाचं टेबल

भिलाईच्या सेक्टर 10 मध्ये बारावीचा निकाल लागला की घरोघरी दोन चर्चा सुरू होतात. कॉलेज कुठलं, ही पहिली लवकर आटपते. राहायचं कुठं आणि मेस कशी, ही दुसरी दिवाळीपर्यंत पुरते. मला या दुसऱ्या चर्चेचं वेड फार जुनं आहे. शिकणारी माणसं कुणाबरोबर राहिली आणि कुणाच्या शेजारी बसून जेवली, हे त्यांच्या पदवीइतकंच महत्त्वाचं असतं असं मला मनापासून वाटतं. त्या वेडापायी मी ऑक्सफर्डच्या मठांपर्यंत पोचले.

बेनेडिक्ट पंथाच्या साधूंनी 1283 मध्ये तिथं ग्लॉस्टर कॉलेज काढलं. निरनिराळ्या मठांनी आपापल्या शिकाऊ साधूंसाठी तिथं खोल्या बांधल्या. आज त्या जागी वुस्टर कॉलेज आहे, पण खोल्यांची ती रांग शाबूत आहे आणि दारांवर मठांची चिन्हंही दिसतात. आठव्या हेन्रीने मठ मोडले आणि ही परंपरा तुटली. पुढे 1895 मध्ये रोमने कॅथलिकांना ऑक्सफर्डला शिकायची मोकळीक दिली आणि 1897 मध्ये यॉर्कशरमधल्या अँपलफर्थच्या बेनेडिक्टांनी तिथं एक छोटं वसतिगृह उघडलं. तेच सेंट बेनेट्स हॉल. तिथले विद्यार्थी मोठ्या कॉलेजांच्या मानाने मूठभर. ऑक्सफर्डच्या जेवणघरात एरवी प्राध्यापकांचं टेबल वेगळं असतं. इथं मात्र साधू, शिक्षक, पोरं आणि आलेगेले पाहुणे एकाच टेबलाभोवती बसत. बेनेडिक्टच्या नियमात पाहुण्याचं स्वागत प्रत्यक्ष ख्रिस्त समजून करायला सांगितलं आहे, आणि त्या टेबलाच्या मुळाशी मला तोच नियम दिसतो.

अशा मठांतून हिंडताना मराठी माणसं भेटतील अशी मला कल्पना नव्हती. पहिले भेटले नीळकंठशास्त्री गोरे. झाशीजवळ 1825 मध्ये जन्मलेले, काशीत वाढलेले चित्पावन. मिशनऱ्यांचं खंडन करायला म्हणून ख्रिस्ती ग्रंथ वाचायला बसले आणि 1848 मध्ये जौनपूरला स्वतःच बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाले. महाराजा दुलीपसिंगांबरोबर 1854 मध्ये ते विलायतेला गेले. ऑक्सफर्डला मॅक्स म्युलरला भेटले तेव्हा ते पार कोलमडलेले होते. म्युलरने ही भेट आपल्या आठवणींत नोंदवली आहे. लंडनमध्ये पाहिलं तोच ख्रिस्ती धर्म असेल तर आपण ख्रिस्ती नाही, परत जातो, असा शास्त्रीबुवांचा आकांत होता. जात सोडून, घर तोडून ज्या धर्मात आलो त्याची माणसं अशी जगतात, हे त्यांना सोसवेना.

आणि तरीही 1876 मध्ये ते पुन्हा ऑक्सफर्डला गेले, थेट काउलीच्या मठात. हा मठ बेनेडिक्टांचा नव्हे. रिचर्ड बेन्सन यांनी 1866 मध्ये इंग्लंडच्या चर्चमध्ये स्थापलेल्या संघाचा. ठरावीक वेळी प्रार्थना, मौन, साधं अन्न. लंडनमध्ये सापडलं नव्हतं ते त्यांना इथं सापडलं असावं. मात्र अखेरची व्रतं त्यांनी कधीच घेतली नाहीत. 1895 मध्ये वारले तोवर नवशिकेच राहिले. ते काउलीला गेले त्याच साली ऑक्सफर्डमध्ये सेंट स्टीफन्स हाउस हे धर्मशिक्षणाचं विद्यालय निघालं. आपल्या शास्त्रीबुवांच्या त्या मठात 1980 पासून त्याच विद्यालयाचे विद्यार्थी राहतात.

काउलीच्या याच साधूंचं पुण्यात पंचहौद मिशन होतं. तिथं 1890 मध्ये टिळक, रानडे प्रभृतींपुढे चहा आला आणि मग मिशनऱ्यांकडच्या त्या चहावरून जातीत ग्रामण्य झालं, ती हकीकत वाचकांना पाठ असेल.

मला थांबायचं आहे ते पंडिता रमाबाईंपाशी. ख्रिस्ती धर्माबाबत या विधवा पंडितेच्या बुद्धीचं समाधान झालं ते बरंचसं गोऱ्यांच्या लिखाणाने. 1883 मध्ये लहानग्या मनोरमेला घेऊन त्या ऑक्सफर्डजवळच्या वाँटेजला, पुण्यातही काम करणाऱ्या जोगिणींच्या मठात उतरल्या आणि तिथंच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मग चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात स्वतः शिकत संस्कृत शिकवू लागल्या. या काळातला त्यांचा पत्रव्यवहार वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांनी जपून ठेवला. अ. भि. शहा यांनी तो संपादित केला आणि 1977 मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने छापला. विद्यार्थिदशेचा इतका जिवंत दस्तऐवज माझ्या वाचनात दुसरा नाही.

त्यात ताटावरून भांडण आहे. रमाबाई मांसमच्छी खात नसत, अंडं घातलेलं पुडिंगही नाकारत. जेराल्डीनबाईंना यात जातीचा ताठा दिसला. रमाबाईंनी ठणकावून कळवलं की धर्म बदलला म्हणून जिभेने देश बदलावा असं कुठं लिहिलेलं नाही. क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरं का नकोत, हाही त्यांचा सवाल होता. जेराल्डीनबाई प्रेमळ होत्या हे पानोपानी दिसतं, पण माझ्या मते इथं त्या साफ चुकल्या. आश्रय दिला म्हणून ताटात काय वाढायचं ते ठरवण्याचा हक्क मिळत नाही. उलट चेल्टनहॅमच्या मुख्याध्यापिका डॉरथिया बील यांनी रमाबाईंच्या शंका धीराने ऐकल्या. पुरुष विद्यार्थ्यांनाही रमाबाईंनी शिकवावं असं बीलबाईंना वाटत होतं. हिंदुस्थानातल्या बिशपांनी ते होऊ दिलं नाही. विधवेचं शहाणपण पुरुषांपुढे नको, हा आपल्याकडचा जाच त्यांना बिशपांच्या तोंडूनही ऐकावा लागला, याचा मला आजही संताप येतो.

रमाबाई 1886 मध्ये अमेरिकेला गेल्या. बीलबाईंनी 1893 मध्ये ऑक्सफर्डला मुलींसाठी सेंट हिल्डाज काढलं. बेनेडिक्टांच्या हॉलने पदवीपूर्व वर्गांत मुली घेतल्या त्या थेट 2016 मध्ये. तोवर पैशांची ओढाताण वाढली होती. विद्यापीठाने परवाना पुढे वाढवला नाही आणि 2022 मध्ये सेंट बेनेट्स बंद झालं. सेंट जाइल्स रस्त्यावरची त्याची 38 क्रमांकाची इमारत बीलबाईंच्या सेंट हिल्डाज कॉलेजने घेतली.